हाय डिडक्टिबल प्लॅन आणि एचएसए: वर्षभर वापरून झाल्यावर

नवऱ्याच्या कंपनीने दोन हेल्थ प्लॅन दिले होते, एक नेहमीचा पीपीओ (प्रीमियम जास्त, डिडक्टिबल कमी) आणि दुसरा हाय डिडक्टिबलवाला (डिडक्टिबल म्हणजे इन्शुरन्सने पैसे द्यायला लागायच्या आधी वर्षभरात आपण भरायची रक्कम), सोबत एचएसए अकाउंट, म्हणजे औषधोपचारासाठीचं टॅक्स न लागणारं बचत खातं. २०२५ साठी आम्ही दुसरा घेतला. आता वर्ष संपलंय, मधे एक ऑपरेशन पण झालं, सगळी बिलं येऊन गेली, त्यामुळे नीट हिशोबासकट लिहिता येतंय. इन्शुरन्स कंपनीचं नाव लिहीत नाही कारण एकतर हाच प्रकार थोड्याफार फरकाने अमेरिकेतल्या सगळ्याच कंपन्या विकतात, आणि दुसरं म्हणजे आकडे एम्प्लॉयरप्रमाणे बदलतात. पण इथे नवीन आलेल्या आपल्या लोकांकडून एकच वाक्य सारखं ऐकते, की "चार हजार डिडक्टिबल? मग इन्शुरन्स घेऊन उपयोग काय?" आणि त्या एका आकड्याला घाबरून ते महागडा प्लॅन घेतात, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

प्लॅन मला आवडला. पण सगळ्यांनी डोळे झाकून घ्यावा असा अजिबात नाहीये, आणि कोणी घेऊ नये ते पण पुढे लिहिलंय, तो भाग सोडू नका.

आपल्याकडे भारतात मेडिक्लेम म्हटला की पहिला प्रश्न काय असतो, कव्हर कितीचं आहे? पाच लाख, दहा लाख. म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती देणार. त्याच्या वर गेलं की तुमचं तुम्ही बघा. इथल्या प्लॅनमधे हे बरोब्बर उलटं आहे. इथे मर्यादा तुमच्यावर असते, कंपनीवर नाही. ओबामा यांच्या काळात २०१० मधे जो अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट झाला त्याने आवश्यक उपचारांवर वर्षाची किंवा आयुष्यभराची डॉलरमधली मर्यादा घालायला कंपन्यांना बंदी केली, आणि त्याच कायद्याने तुमच्या खिशातून वर्षभरात जास्तीत जास्त किती जाऊ शकतं त्यावर झाकण बसवलं. त्यालाच आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम म्हणतात. २०२५ ला हा आकडा एका माणसासाठी ९,२०० आणि कुटुंबासाठी १८,४०० डॉलर होता, २०२६ ला तो १०,६०० आणि २१,२०० झालाय. ही सरकारने ठरवलेली कमाल आहे, तुमच्या प्लॅनचा आकडा याच्या खाली कुठेही असू शकतो. म्हणजे उद्या देव न करो पण चार लाख डॉलरचं बिल झालं तरी नेटवर्कमधल्या (म्हणजे इन्शुरन्स कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांकडच्या), प्लॅनमधे बसणाऱ्या उपचाराचे तुमचे पैसे त्या आकड्याला थांबतात. मी तर म्हणेन इन्शुरन्स म्हणून आपण जे विकत घेतो ते खरं म्हणजे हे झाकणच. डिडक्टिबल ही फक्त तिथपर्यंत पोचायच्या रस्त्यातली पहिली पायरी.

पायऱ्या तीन आहेत. डिडक्टिबल पूर्ण होईपर्यंत सगळं बिल तुमचं, पण कंपनीने घासाघीस करून ठरवलेल्या दराने, हॉस्पिटलच्या छापील दराने नाही. मग को-इन्शुरन्स, म्हणजे आमच्या प्लॅनमधे २० टक्के आम्ही ८० टक्के कंपनी. आणि दोन्ही मिळून मॅक्सिममला पोचलात की त्यानंतर वर्ष संपेपर्यंत सगळं कंपनीचं. बरेच जण समजतात की मॅक्सिमम हे डिडक्टिबलच्या वर वेगळं मोजतात, तसं नाहीये, डिडक्टिबल त्यात धरलेलं असतं.

आता आमचे आकडे. पीपीओचा पगारातून जाणारा प्रीमियम महिन्याला ४८०, डिडक्टिबल माणशी ७५० आणि कुटुंबाचं १,५००, मॅक्सिमम एका माणसाचं ४,००० आणि कुटुंबाचं ८,०००. हाय डिडक्टिबलचा प्रीमियम ३००, डिडक्टिबल कुटुंब मिळून ४,०००, मॅक्सिमम एका माणसाचं ६,५०० आणि कुटुंबाचं ९,०००, वर नवऱ्याची कंपनी एचएसएत वर्षाला १,००० डॉलर टाकते. नुसतं वाचलं तर पीपीओच बरा वाटतो ना, प्रीमियम सोडला तर सगळे आकडे लहान. पण प्रीमियम धरून वर्षाचा हिशोब मांडला तर चित्र पालटतं. कोणी आजारीच पडलं नाही तर पीपीओत ५,७६० गेले आणि ह्यात ३,६००, शिवाय एचएसएतले १,००० आपलेच, म्हणजे खरे २,६००. आणि सगळ्यात वाईट वर्ष, कुटुंबाचं मॅक्सिमम गाठलं, तर पीपीओत १३,७६० आणि ह्यात ११,६००. दोन्ही टोकांना स्वस्त हाच. मधल्या केसेस पण करून बघितल्या, एकाच माणसाचा ४,००० चा खर्च झाला तरी ७,१६० विरुद्ध ६,६००. फरक कमी होतो पण उलटत नाही. तुमच्या कंपनीत उलटू शकतो हां, म्हणून वर्षाचा प्रीमियम अधिक मॅक्सिमम ही एक बेरीज तरी दोन्ही प्लॅनची करा, पाच मिनिटांचं काम आहे आणि ओपन एन्रोलमेंटच्या (दरवर्षी प्लॅन निवडायच्या दिवसांतल्या) पोर्टलवर ही बेरीज ठळक करून कोणी दाखवत नाही, तिथे डिडक्टिबल मोठ्या अक्षरात असतं.

वर्षाची सुरुवात शांत गेली. वार्षिक तपासणी, मुलीच्या लशी, माझा मॅमोग्राम, हे सगळं फुकट, डिडक्टिबल न लागता, कारण प्रिव्हेंटिव्ह केअर नेटवर्कमधे फुकट द्यायलाच लागतं असा कायदा आहे. फक्त एक लक्षात ठेवा, वार्षिक तपासणीला गेल्यावर "डॉक्टर गेले दोन महिने पाठ दुखतेय" असं सांगितलंत आणि त्यांनी त्याची वेगळी तपासणी केली तर ती वेगळी ऑफिस व्हिजिट म्हणून लागू शकते आणि तिचं बिल डिडक्टिबलमधे जातं. म्हणून सांगू नका असं नाही, जरूर सांगा, बिल आलं तर ते कशाचं ते माहीत असावं इतकंच. मुलीचा कान दुखला म्हणून अर्जंट केअर, माझ्या थायरॉइडच्या तपासण्या आणि गोळ्या, असं करत सप्टेंबरपर्यंत ९०० डॉलर झाले, सगळे आमच्याच खिशातून.

इथे ह्या प्लॅनचा खरा दोष दिसतो आणि तो मला गंभीर वाटतो. प्रत्येक वेळी पूर्ण पैसे भरायचे म्हटलं की माणूस डॉक्टरकडे जायचं टाळतो. रँड कॉर्पोरेशनने १९७४ ते १९८२ ह्या काळात अमेरिकेत ह्यावर फार मोठा प्रयोग केला होता, वेगवेगळ्या कुटुंबांना वेगवेगळे प्लॅन देऊन, आणि त्यात दिसलं की खिशातून द्यावं लागलं की लोक उपचार कमी घेतात, पण बिनगरजेचे तेवढे कमी करतात असं नाही तर गरजेचे पण साधारण तितकेच कमी करतात. आमच्या ओळखीत मी हे बघते. छातीत जळजळतंय, बघू पुढच्या महिन्यात. मोल (तीळ) वाढलाय, असू दे. डिडक्टिबल वाचवायला म्हणून जे टाळलं जातं त्यात एखादी गोष्ट फार महाग पडते, आणि मी पैशाबद्दल नाही बोलत आहे. त्यामुळे हा प्लॅन घेणार असाल तर डिडक्टिबल खर्च होणारच आहे असं धरून ते पैसे आधीच बाजूला काढा. आम्ही प्रीमियममधे वाचलेले महिन्याचे १८० डॉलर सरळ एचएसएत वळवले, पगारातूनच, हातात आलेच नाहीत. वर्षाअखेरीस कंपनीचे धरून ३,१६० जमले असते, आणि ते पैसे डॉक्टरसाठीच आहेत म्हटल्यावर अपॉइंटमेंट घेताना हात अडखळत नाही.

ऑक्टोबरमधे नवऱ्याचा बॅडमिंटन खेळताना गुडघा गेला. डॉक्टरने एमआरआय सांगितला. आता इथे थोडं थांबते कारण डिडक्टिबलच्या काळात एमआरआय कुठे करता ह्याने फार फरक पडतो. हॉस्पिटलच्या आतल्या इमेजिंग विभागात आणि बाहेरच्या स्वतंत्र इमेजिंग सेंटरमधे तोच फोटो, तेच मशीन असलं तरी दर खूप वेगळे असू शकतात. एरवी २० टक्केच द्यायचे असतात तेव्हा कोणी बघत नाही, पण इथे शंभर टक्के आपले. इन्शुरन्सच्या साइटवर कॉस्ट एस्टिमेटर असतो तो बघून, सेंटरला फोन करून, सीपीटी कोड (त्या तपासणीचा ठरलेला नंबर) सांगून दर विचारता येतो, कोड डॉक्टरच्या ऑफिसकडून मागून घ्यायचा. आम्ही बाहेरच्या सेंटरमधे केला.

मग ईओबी आला, म्हणजे एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स, इन्शुरन्स कंपनीने पाठवलेला क्लेमचा हिशोब. हा कागद वाचायला शिका, खरंच. वर लिहिलेलं असतं की हे बिल नाही, त्यामुळे लोक फेकून देतात. आमच्यावर असं होतं: सेंटरने लावलेली रक्कम ३,१८०, प्लॅन डिस्काउंट १,९३०, अलाउड अमाउंट (कंपनीने ठरवलेला दर) १,२५०, डिडक्टिबलला लावले १,२५०, प्लॅनने दिले शून्य, तुमची जबाबदारी १,२५०. "प्लॅनने दिले शून्य" वाचून नवरा म्हणाला बघ, काय उपयोग. पण वरची ओळ बघा ना, ३,१८० चे १,२५० झाले ते इन्शुरन्स होता म्हणूनच, आणि हे १,२५० मीटरमधे, म्हणजे डिडक्टिबल-मॅक्सिममच्या मोजणीत, पण मोजले गेले. नंतर जे बिल येतं त्यावरची रक्कम ईओबीच्या शेवटच्या ओळीशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर पैसे भरू नका, आधी फोन. आणि डिडक्टिबल आपल्यालाच भरायचंय तर रोख देऊन टाकू, क्लेम कशाला, असं काही जण करतात. रोखीचा दर खरंच कमी असेल तर ठीक, पण ते पैसे मीटरमधे धरले जात नाहीत, आणि पुढे ऑपरेशन दिसत असेल तर मीटर पुढे सरकणं महत्त्वाचं असतं.

एमआरआय आणि ऑर्थोपेडिकच्या दोन व्हिजिट धरून आम्ही २,५०० पर्यंत आलो. ऑपरेशन ठरलं. डॉक्टरच्या ऑफिसने जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याची तारीख दिली आणि इथे मी हट्ट केला की डिसेंबरच पाहिजे. कारण १ जानेवारीला मीटर शून्यावर जातं, डिडक्टिबल पण आणि मॅक्सिमम पण. (बहुतेक एम्प्लॉयर प्लॅनचं वर्ष जानेवारीलाच सुरू होतं, काहींचं जुलैला वगैरे असतं, आपलं बघून घ्या.) ऑपरेशनचे सर्जन, हॉस्पिटल, भूल सगळं मिळून अलाउड अमाउंट १४,६०० झाली. डिसेंबरमधे त्यातले आधी उरलेले १,५०० डिडक्टिबलचे, मग १३,१०० चे २० टक्के म्हणजे २,६२०, एकूण ४,१२०. तेच जानेवारीत केलं असतं तर नव्याने ४,००० आणि उरलेल्या १०,६०० चे २० टक्के २,१२०, म्हणजे ६,१२०. तीन-चार आठवड्यांच्या फरकाने दोन हजार डॉलर. शेड्युलिंगवाल्या बाईंना मी सरळ सांगितलं की आमचं डिडक्टिबल ह्या वर्षी बरंच झालंय, कॅन्सलेशन लिस्टवर टाका, आणि त्यांनी टाकलं, त्यांना हे नवीन नसतं, डिसेंबरमधे ऑर्थोपेडिकवाल्यांकडे ह्याच कारणाने गर्दी असते. उलट ज्यांची ट्रीटमेंट वर्षभर चालणार आहे आणि थांबलं तर चालण्यासारखं आहे असं डॉक्टर स्वतः म्हणतायत, त्यांना जानेवारीत सुरू करणं फायद्याचं, एकच डिडक्टिबल आणि एकच मॅक्सिमम. डॉक्टर थांबू नका म्हणाले तर मात्र हा हिशोब बाजूला ठेवायचा.

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी हॉस्पिटलच्या बिलिंगमधून फोन, अंदाजे ३,००० आधी भरा. हे आता बरीच हॉस्पिटलं करतात. मी म्हटलं क्लेम प्रोसेस होऊ दे, ईओबी येऊ दे, मग भरतो, आणि थोडे आधी हवेच असतील तर ५०० देते. ते तयार झाले. आधी जास्त भरून मग परत मागण्यापेक्षा हे कितीतरी बरं. नंतर उरलेल्याचे बिनव्याजी हप्ते पण करून दिले, फक्त आपण विचारावं लागतं. आणि हे सगळ्यांना माहीत असायला हवं असं मला फार वाटतं: नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलांना आर्थिक मदतीची लेखी पॉलिसी ठेवावीच लागते, कायद्याने. इन्शुरन्स असला तरी डिडक्टिबल झेपत नसेल तर त्याचा फॉर्म मागा, उत्पन्नात बसत असाल तर बिल कमी होतं किंवा माफ होतं. मागायला लाज वाटण्यासारखं त्यात काहीच नाही.

जानेवारीत भूल देणाऱ्या ग्रुपकडून वेगळंच बिल आलं, आउट-ऑफ-नेटवर्क म्हणून. ईओबीप्रमाणे आमचा वाटा २४० होता आणि ह्यांचं बिल त्याच्या कितीतरी पट. हॉस्पिटल नेटवर्कमधलं, सर्जन नेटवर्कमधला, पण भूल देणारा नाही, आणि त्याला आपण निवडलेलं पण नसतं. १ जानेवारी २०२२ पासून नो सर्प्राइजेस अ‍ॅक्ट लागू आहे, त्यात हे बसतं: नेटवर्कमधल्या हॉस्पिटलमधे भूल, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी असल्या लोकांना तुमच्याकडून नेटवर्कच्या वाट्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तुम्ही दिलेले पैसे नेटवर्कच्या डिडक्टिबल-मॅक्सिमममधेच मोजायचे. इमर्जन्सीलाही हेच. मी फोन करून कायद्याचं नाव घेतलं, ईओबीची कॉपी पाठवली, आणि सुधारलेलं बिल आलं २४० चं. नाव घेतल्यावर सूर बदलतो, हे लक्षात ठेवा. मात्र रस्त्यावरची साधी अ‍ॅम्ब्युलन्स ह्या कायद्यात येत नाही, हवाई येते. अ‍ॅम्ब्युलन्सचं बिल अजूनही अंगावर येऊ शकतं, त्यावर काही राज्यांनी आपापले कायदे केलेत.

तर वर्षाची एकूण बेरीज ६,६२० खिशातून, वर डिसेंबरमधल्या थोड्या फिजिकल थेरपीचे २० टक्के. पीपीओत हेच सगळं केलं असतं तर प्रीमियम धरून साधारण हजार-अकराशे जास्त गेले असते. म्हणजे ऑपरेशनच्या वर्षात सुद्धा हा प्लॅन स्वस्त पडला. पण जानेवारी उजाडला आणि तीच थेरपी, तोच थेरपिस्ट, जी डिसेंबरमधे २६ डॉलरला पडत होती ती १३० ला पडायला लागली. कायदेशीर आहे, माहीत होतं, तरी चीड येते. गुडघ्याला काय माहीत वर्ष बदललं ते.

एक सापळा जो फार कमी लोक वाचतात तो म्हणजे कुटुंबाचं डिडक्टिबल कसं मोजतात. आमच्या प्लॅनमधे ते एकत्र आहे, म्हणजे घरातल्या कोणाचाही खर्च असो, सगळा मिळून ४,००० होईपर्यंत कंपनी कोणासाठीच काही देत नाही. आमच्या पीपीओत ते माणशी होतं, एकाचे ७५० झाले की त्याच्यापुरतं सुरू. घरात एकच माणूस जास्त आजारी असतो तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. मॅक्सिममच्या बाबतीत मात्र कायद्याचं संरक्षण आहे, २०१६ पासून कुटुंबाच्या प्लॅनमधे सुद्धा एका माणसावर सरकारी वैयक्तिक कमाल रकमेपेक्षा जास्त बोजा टाकता येत नाही. बाळ होणार असेल तर अजून एक, बाळ जन्मल्याक्षणी वेगळा पेशंट होतं, त्याचा स्वतःचा खर्च सुरू, आणि एम्प्लॉयर प्लॅनमधे त्याचं नाव साधारण ३० दिवसांत घालावं लागतं. ते दिवस कसे जातात कळत नाही, कोणालातरी आठवण करायला सांगून ठेवा.

झाकणाला भोकं आहेत ती पण सांगायला हवीत. प्रीमियम त्यात मोजत नाहीत. नेटवर्कबाहेर स्वतःहून गेलात तर ते मोजत नाहीत किंवा त्याचं वेगळं मोठं मीटर असतं. प्लॅनमधे नसलेला उपचार मोजत नाहीत, मोठ्यांचे दात, चष्मा बऱ्याचदा ह्यातच. प्रायर ऑथोरायझेशन (कंपनीची आधी परवानगी) न घेता केलेलं आणि मग नाकारलेलं पण नाही. औषध कंपनीचं को-पे कार्ड (सवलतीचं कार्ड) वापरलं तर काही प्लॅन ते पैसे तुमच्या मीटरमधे धरत नाहीत, महागड्या औषधावर असाल तर हे आधी विचारा. हे सगळं समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज नावाच्या कागदात असतं, प्रत्येक प्लॅनला तो एकाच नमुन्यात द्यावा लागतो, आणि पहिल्याच पानावर मॅक्सिममच्या खाली त्यात काय धरलेलं नाही त्याची वेगळी ओळ असते. शेवटी तीन उदाहरणं असतात, बाळंतपण, डायबिटीस, साधं फ्रॅक्चर, त्यात पेशंटने किती द्यायचे ते लिहिलेलं असतं. दोन प्लॅनचे हे कागद शेजारी ठेवून वाचले की ब्रोशरपेक्षा दहापट कळतं. क्लेम नाकारला तर अपील करा, १८० दिवस असतात, कंपनीने तिथेही नाही म्हटलं तर बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून रिव्ह्यू मागता येतो.

एचएसएबद्दल कौतुकच आहे. टाकताना टॅक्स नाही, वाढताना नाही, औषधोपचाराला काढताना नाही (कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी राज्याचा टॅक्स लावतात, तिथल्यांनी बघा). २०२६ ला कुटुंबासाठी ८,७५० पर्यंत टाकता येतात, एम्प्लॉयरचे धरून. वर्षाअखेरीस बुडत नाहीत, नोकरी बदलली तरी तुमचेच. पावत्या जपून ठेवल्या तर आजचा खर्च काही वर्षांनी सुद्धा काढता येतो. भारतात जाऊन दातांचं काम केलं तरी त्याला हे पैसे चालतात, पावती मात्र नीट घ्या, आणि तो खर्च इथल्या डिडक्टिबलमधे मोजला जाणार नाही हे पण धरून चाला. औषधोपचार सोडून भलत्याच कामाला ६५ च्या आधी काढले तर टॅक्स आणि वर २० टक्के दंड. नवरा-बायकोपैकी कोणाच्या ऑफिसात नेहमीचा एफएसए (औषधोपचाराच्या खर्चाचं ऑफिसमार्फतचं दुसरं टॅक्स-फ्री खातं) चालू असेल आणि त्यातून घरच्यांचा खर्च निघत असेल तर एचएसएत टाकता येत नाही, हे एन्रोलमेंटच्या वेळी दोघांनी एकत्र बसून बघा. आणि २०२६ पासून मार्केटप्लेसवरचे, म्हणजे स्वतः इन्शुरन्स घ्यायच्या सरकारी बाजारातले, ब्राँझ (कमी प्रीमियमचे) प्लॅन पण एचएसएला चालतात, ज्यांना नोकरीतून इन्शुरन्स नाही त्यांच्यासाठी हे चांगलं झालं.

इन्शुरन्स कंपनीचं अ‍ॅप ठीकठाक, मीटर दाखवतं पण आठ-दहा दिवस मागे असतं, डिसेंबरमधे नेमकं तेव्हाच बघायचं असतं. फोनवर प्रत्येक जण वेगळं सांगतो, त्यामुळे तारीख, नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घ्या, मला भुलीच्या बिलाच्या वेळी तो उपयोगी पडला. सर्व्हिसला पाचपैकी दोन देईन, प्लॅनला चार.

कोणी घेऊ नये? ज्यांच्याकडे डिडक्टिबलएवढे पैसे बाजूला नाहीत आणि लगेच जमणार नाहीत, त्यांनी. वर्षाचा हिशोब स्वस्त असला तरी बिल एकदम येतं, आणि क्रेडिट कार्डवर टाकून व्याज भरलं तर सगळी बचत गेली. दर महिन्याला महागडं औषध घेणाऱ्यांनी को-पेवाला प्लॅन (दर वेळी ठरलेली रक्कम द्यायचा) नीट ताडून बघावा. मार्केटप्लेसवरून घेणारे आणि उत्पन्न कमी असणारे, त्यांनी ब्राँझचा कमी प्रीमियम बघून उडी मारू नये, सिल्व्हर (ब्राँझच्या वरच्या पायरीच्या) प्लॅनवर उत्पन्नाप्रमाणे डिडक्टिबल आणि मॅक्सिमम दोन्ही कमी करून मिळतात, फक्त सिल्व्हरवरच.

आणि आई-बाबा येतात तेव्हा जो व्हिजिटर इन्शुरन्स घेतो त्याला ह्यातलं काही लावू नका. त्यात पण डिडक्टिबल असतं, नावं तीच, पण तो अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टखाली येत नाही. तिथे मर्यादा पुन्हा कंपनीवर, ५०,००० ची पॉलिसी असेल तर पन्नास हजारांनंतर सगळं आपलं, तुमच्या खर्चाला झाकण नाही. जुनी दुखणी बहुतेक वगळलेली, फार तर अचानक उसळलेल्या त्रासापुरतं कव्हर आणि त्यालाही वयाची अट. फिक्स्ड बेनिफिटवाल्या स्वस्त पॉलिसीत तर प्रत्येक गोष्टीला ठरलेले थोडे पैसे मिळतात, इथलं एक दिवसाचं हॉस्पिटल त्यात भागत नाही. त्यामुळे तिथे डिडक्टिबल थोडं जास्त घ्या, चालेल, पण कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या आणि पॉलिसीची वरची रक्कम जितकी मोठी परवडेल तितकी घ्या, सत्तरीच्या पुढे पर्याय कमी होतात तरी शोधून घ्या. माझे सासू-सासरे मे मधे येतायत, त्यांच्यासाठी सध्या हेच बघतेय, चांगला अनुभव असलेल्यांनी खाली लिहा.